रत्नागिरीत फोटो काढायला निघताय? आधी तिथी बघा

कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, बॅटऱ्या, मेमरी कार्डं. हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून सांगत बसत नाही. एक बॅटरी जास्तीची ठेवा, कार्ड आदल्या रात्रीच रिकामं करा. पुढे चला.

भरती-ओहोटी. हा मुद्दा मुद्दाम वर घेतलाय, कारण मागच्या खेपेला माझ्या यादीत तो नव्हताच. फिल्टरचा डबा होता, लेन्स पुसायची फडकी होती, सूर्यास्ताची वेळ मिनिटापर्यंत पाठ होती. आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर उतरलो तर सूर्य अगदी वेळेवर हजर, पण ज्या ओल्या वाळूत त्याचं प्रतिबिंब धरायचं होतं ती वाळू पाण्याखाली. अष्टमी होती. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती असते हे कोकणातलं शाळकरी पोरही सांगेल.

हिशोब अगदी सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष की कृष्ण पक्ष, फरक पडत नाही. भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक या हिशोबात धरूनच चाला आणि मग मोबाइलवर भरतीचा तक्ता उघडून खात्री करा. तक्त्यात ठिकाण रत्नागिरी निवडा. मुंबईचा तक्ता बघून निघणारे लोक आहेत. मुंबईला भरती रत्नागिरीपेक्षा उशिरा येते आणि पाणीही जास्त चढतं, तेव्हा तो तक्ता इथे काही कामाचा नाही.

फोटोवाल्याला यातून काय मिळतं ते बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी आणि ओहोटी संध्याकाळी, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी पाणी मागे गेलेलं, खडक उघडे, वाळू आरशागत. शिवाय तेव्हा उधाण असतं, म्हणून ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा लांबपर्यंत मागे जातं. उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो, त्यामुळे प्रतिपदा-द्वितीया सगळ्यात चांगल्या. याउलट सप्तमी ते दशमी संध्याकाळी पाणी वर. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या फोटोंचा हट्ट सोडा आणि उंचावर जा. सुट्टी शनिवार-रविवारची मिळते, तिथी आपल्या हातात नाही, हे मान्य. म्हणूनच तिथी बघून ठिकाण ठरवायचं. ठिकाण आधी ठरवून तिथी नंतर बघितली की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

अजून एक गोष्ट, जिवाशी गाठ आहे म्हणून. पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासाला थोडंसं येतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ अर्धी भरती येऊन जाते. ओहोटी पूर्ण झाल्यावर खडकावर ट्रायपॉड लावून "अजून तर काहीच आलं नाही" म्हणत बसलेला माणूस नेमका इथे फसतो, कारण मागची वाट समोरच्या पाण्याआधी बंद होते. ओहोटी लागलेली असताना, तिची वेळ भरायच्या दीड-दोन तास आधी पोचा. पाणी मागे सरत असतं, ताजी ओली वाळू मिळते आणि पाठीमागची काळजी नसते. वेळेबद्दल शंका असेल तर जाळं विणत बसलेल्या माणसाला "काका, सुकती किती वाजता?" एवढंच विचारा, सुकती म्हणजे ओहोटी. तक्त्यापेक्षा नेमकं उत्तर मिळतं, आणि "तिकडे नका जाऊ" हेही फुकटात कळतं.

आता ठिकाणं. भाट्ये ओहोटीचं. लांबलचक सरळ किनारा, मागे सुरूचं बन, उत्तरेला काजळी नदीची खाडी. पाणी उतरलं की वाळूवर बारीक खेकडे कामाला लागतात. वाटाण्याहून लहान गोळ्या करून बिळाभोवती मांडतात, प्रत्येक बिळाची नक्षी वेगळी. कॅमेरा जमिनीला टेकवून, सूर्य समोर ठेवून काढलात तर प्रत्येक गोळीची सावली वेगळी दिसते. पायाखाली तुडवत पुढे जाणारेच जास्त. हलू नका, दोन मिनिटं थांबा, खेकडा स्वतः बाहेर येतो. पुढच्या भरतीला हे सगळं पुसलं जातं, म्हणून पुन्हा तेच: वेळ बघून जा. खाडीच्या तोंडाशी मात्र ओहोटीतही पाण्यात उतरू नका. बाहेर जाणाऱ्या पाण्याला तिथे फार ओढ असते.

मांडवीची वाळू काळी. कॅमेरा अशा वाळूला फसतो आणि चित्र उगाच उजळवतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवा. मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र नावाच्या किनाऱ्यावर नेमकं उलट करा. मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी गर्दी असते, ट्रायपॉड लावाल तर चार माणसं अडखळतील. सूर्य कुठे बुडेल तेही बघून ठेवा. डिसेंबरात तो नैर्ऋत्येकडे, मोकळ्या समुद्रात, सहा-सव्वासहाला जातो. मे महिन्यात उत्तरेकडे, रत्नदुर्गाच्या डोंगराच्या बाजूला सरकतो आणि सातपर्यंत टिकतो. जुना फोटो बघून "इथेच उभं राहायचं" ठरवलंत तर तो फोटो कुठल्या महिन्यातला आहे तेही विचारा.

पाणी वर असेल त्या दिवशी रत्नदुर्ग. तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, वर भगवतीचं देऊळ, शेजारच्या टेकडीवर दीपगृह. तटावरून खाली लाटा फुटताना दिसतात आणि भरती असेल तेवढं चांगलं. थिबा पॉइंटही याच दिवसांतला. खाडी भरलेली असली की भाट्याचा पूल आणि नारळाची झाडं पाण्यात उतरतात, ओहोटीला नुसता चिखल दिसतो. जवळच थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी १९१० च्या सुमारास बांधला, राजा १९१६ साली वारला. उतरती छपरं आणि कोरीव लाकडी अर्धवर्तुळाकार खिडक्या हा तिथला विषय. सोमवारी जाऊ नका, बंद असतो.

आरे-वारे दोन्हीत चालतं, पण दोन वेगळ्या जागांवरून. भरती असेल तर रस्त्याच्या चढावरच्या वळणावरून, दोन्ही किनारे एका चौकटीत घ्या. ओहोटी असेल तरच खाली उतरा. तिथला समुद्र दिसतो तितका शांत नाही, पोहायचा विचारही नको. वळणावर गाडी रस्त्यात लावून फोटो काढणाऱ्यांबद्दल काय बोलावं! मागून गणपतीपुळ्याची बस येते आणि चालकाला हॉर्न दाबून धरावा लागतो. गाडी पुढे सरळ रस्त्यावर लावा आणि चालत मागे या.

पावसाळ्यात हिशोब उलटा. मिऱ्याच्या बंधाऱ्यावर उधाणाची लाट फुटताना हवी असेल तर अमावास्या-पौर्णिमेची दुपार धरा, ओहोटीला जाऊन काही मिळणार नाही. लांबची लेन्स लावा आणि बंधाऱ्यापासून लांब, उंच जागी राहा. बंधाऱ्यावर चढायचं नाही. त्या दिवशी भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा, म्हणजे इन्कॉइसचा, उंच लाटांचा इशारा आहे का तेही बघा. इशारा असेल तर घरी बसा. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, याच किनाऱ्याला येऊन रुतलेल्या बसरा स्टार जहाजाचे फोटो अजून फिरत असतात. लाटांनी ते मोडत गेलंय, त्यामुळे जाण्याआधी काय उरलंय ते विचारा.

मिरकरवाडा बंदरात भरती-ओहोटीपेक्षा बोटी कधी लागतात ते महत्त्वाचं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव नाही, पण ओढून ठेवलेल्या बोटी, रंगकाम आणि जाळ्यांची डागडुजी मिळते. एरवी लिलाव चालू असताना मध्ये उभं राहू नका. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला वाट हवी असते, तुमची चौकट नव्हे. आधी विचारा, "मावशी, एक फोटो काढू?" नाही म्हणाली तर नाही. बर्फाचं पाणी, मासळीचं पाणी, डिझेल, सगळं पायाखाली असतं, चांगले बूट घालून जाल तर ते तिथेच सोडून यावे लागतील.

यावरून पायताण. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, ती पाय कापतात, आणि हिरवं शेवाळ असेल तिथे पाय ठरत नाही. मागे पट्टा असलेली, खाचांच्या तळव्याची प्लॅस्टिकची सँडल घ्या. स्लिपर नको.

खारं वारं. किनाऱ्यावर पाऊण तास झाला की लेन्सच्या काचेवर न दिसणारा थर बसतो आणि सगळे फोटो धुरकट येतात. घरी गेल्यावर कळतं. दर दहा मिनिटांनी काच तिरकी धरून बघा. कोरडं फडकं घासू नका, मीठ आणि वाळूचे कण काच ओरखडतात. आधी फुंकणीने उडवा, मग ओलसर फडकं, मग कोरडं. वाऱ्यात लेन्स बदलू नका. एसीच्या खोलीतून निघालात तर कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या, बाहेरच्या दमट हवेत लगेच काढला की काचेवर वाफ धरते आणि पहिली वीस मिनिटं वाया. पोलरायझर जरूर न्या, ओल्या खडकावरची चकाकी त्यानेच जाते. लाट धुक्यासारखी हवी असेल तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर. बाकी फिल्टर घरी ठेवा.

ड्रोन. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन पिशवीतून बाहेर काढू नका. बंदर आणि दीपगृहाजवळ तर विचारूच नका.

किनारा पुरे झाला असेल तर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं माळरान, आहे. कशेळीच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेला भलामोठा हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. दुपारी बाराला गेलात तर कोरलेल्या रेघा दिसणारही नाहीत. ऊन तिरपं हवं, सकाळी लवकर किंवा सूर्य बुडायच्या आधीच्या तासात, तेव्हा खाचेत सावली भरते. रेघा ठळक दिसाव्यात म्हणून खडू फासू नका, पाणी ओतू नका, बूट घालून वर चढू नका. त्याच गावात देवघळीच्या कड्यावरून सूर्यास्त मिळतो. सकाळी शिल्प आणि संध्याकाळी कडा, असा दिवस लावा. पावस, पूर्णगड, गावखडी वाटेतच लागतात. गावखडीला थांबायचं असेल तर किनारा आहे, तेव्हा तिथी बघा.

जयगड लांब पडतं, किल्ला, दीपगृह आणि समुद्राला लागून असलेलं कऱ्हाटेश्वराचं देऊळ एका दिवसात होतं. गणपतीपुळ्याला गाभाऱ्यात कॅमेरा नाही.

परतीचं थोडक्यात. डोक्याला लावायची बॅटरी न्या, किनाऱ्याच्या रस्त्यांवर दिवे नाहीत. रिक्षावाल्याला परतीची वेळ आधीच सांगा. ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, नुसते पुसून चालत नाही, आत वाळू राहते. कॅमेरा पुसा, कार्ड उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. फोटोंच्या फोल्डरला तारखेबरोबर तिथीही लिहा, पुढच्या वेळी कुठल्या तिथीला कुठे किती पाणी होतं ते तिथेच सापडेल.