शॉर्टकट बनवताना या चुका टाळा

"काही केलं नाही, फक्त फोल्डर हलवला." शॉर्टकट बंद पडला की हे वाक्य ठरलेलं. अहो, तेच तर केलंत! विंडोजच्या शॉर्टकटमध्ये प्रोग्राम नसतो, त्याचा पत्ता असतो, ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत. डेस्कटॉपवरचा आयकॉन पेनड्राइव्हवर टाकून "सॉफ्टवेअर दिलं" म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांनी निदान फाइलची साइज तरी बघावी.

फोल्डर कॉपी केला, शॉर्टकट जुनाच ठेवला

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण इथे शॉर्टकट तुटतच नाही. तुटला असता तर बरं झालं असतं. एका ऑफिसात हिशेबाचा प्रोग्राम डेटासकट नव्या डिस्कवर नेला. नेला म्हणजे कॉपी केला. जुना "असू दे, राहील बॅकअप" म्हणून तिथेच. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट अर्थातच जुनाच प्रोग्राम उघडत राहिला आणि नोंदी जुन्या डिस्कवर साठत गेल्या. रोजचा बॅकअप मात्र नव्या फोल्डरचा! पुढे जागा कमी पडली म्हणून कोणीतरी तो 'जुना' फोल्डर शिफ्ट-डिलीटने (म्हणजे रिसायकल बिनमध्येही न ठेवता) उडवला. मग शॉर्टकट चालेना आणि मला फोन आला. नवा फोल्डर उघडला तर हिशेब कॉपी केल्याच्या दिवशीच थांबलेला. रिकव्हरी करून थोडं हाती लागलं, उरलेलं व्हाउचरं समोर ठेवून पुन्हा भरावं लागलं. त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच: "शॉर्टकट तर चालत होता!"

जुन्या फोल्डरचं नाव बदलूनही यातून सुटका होत नाही. विंडोज 2000 पासून एनटीएफएस (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची विंडोजची पद्धत) असलेल्या डिस्कवर 'डिस्ट्रिब्युटेड लिंक ट्रॅकिंग' नावाची सोय आहे. ती फाइलची ओळख जपते, आणि त्याच कॉम्प्युटरवर फाइल हलली किंवा नाव बदललं तरी शॉर्टकट तिच्या मागे जाऊ शकतो. म्हणजे तुम्ही जुना फोल्डर बाजूला सारता आणि शॉर्टकट इमानेइतबारे त्याच जुन्याला शोधून काढतो. म्हणून मी आधी सगळे शॉर्टकट डिलीट करतो (टास्कबारवर पिन केलेले धरून, तेही शॉर्टकटच), मग फोल्डर नव्या जागी कॉपी करतो, जुन्याची झिप करतो आणि शेवटी नवे शॉर्टकट बनवतो. कंटाळवाणं आहे, पण व्हाउचरं भरण्यापेक्षा कमी.

"माझ्याकडे चालतंय" म्हणून पेनड्राइव्ह देऊन टाकला

तुमच्याकडे चालणारच, शॉर्टकट तुमच्याच डिस्कवरची मूळ फाइल उघडतोय. दुसऱ्या मशीनवर ती फाइल नाही, पेनड्राइव्हला मिळणारं अक्षर वेगळं, आणि पेनड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट32 किंवा एक्सफॅट पद्धतीत वर सांगितलेलं ट्रॅकिंगही नाही. चाचणी दुसऱ्या मशीनवरच घ्या.

हलत्या फोल्डरसाठी मी शॉर्टकट वापरतच नाही, प्रोग्रामच्या शेजारी दोन ओळींची बॅच फाइल (विंडोज एकेक ओळ आज्ञा म्हणून चालवतं अशी साधी मजकूर फाइल) ठेवतो. पहिल्या ओळीत 'सीडी', स्पेस, 'स्लॅश डी', स्पेस, आणि पुढे अवतरणचिन्हांत टक्का, टिल्ड, डी, पी, शून्य, सगळं सलग. याचा अर्थ, ही बॅच फाइल जिथे आहे त्या फोल्डरमध्ये जा. 'स्लॅश डी' गाळलंत तर ड्राइव्ह बदलत नाही, आणि उतावळे लोक नेमकं तेच गाळतात. दुसऱ्या ओळीत 'स्टार्ट', मग रिकामी अवतरणचिन्हं, मग अवतरणांत प्रोग्रामचं नाव. ती रिकामी चिन्हं शोभेची नाहीत. 'स्टार्ट' अवतरणांतली पहिली गोष्ट खिडकीचं शीर्षक समजतं, त्यामुळे ती नसली की प्रोग्रामऐवजी नुसती काळी खिडकी उघडते. बॅच फाइल 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केली तर ती विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम32 फोल्डरमधून सुरू होते. पहिल्या ओळीने तेही निस्तरतं. नेटवर्कवरच्या फोल्डरला दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पत्ता असेल तर 'सीडी स्लॅश डी'ऐवजी 'पुश-डी' लिहा.

"पण बॅच फाइलला छान आयकॉन नाही!" नाही. चालणारी गोष्ट हवी की छान?

बाकीच्या चुका

प्रोग्राम उघडतो पण सेटिंग सापडत नाही म्हणतो: शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्ट इन' बघा, तिथे अजून जुना फोल्डर असेल.

पत्त्यात स्वतःचं युजरनेम ठोकून बसवू नका. दोन टक्का चिन्हांमध्ये 'युजरप्रोफाइल' लिहा, विंडोज तिथे लॉगिन केलेल्याचा फोल्डर धरतं.

फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा नको. पुढच्या अपडेटला नाव बदलणार आणि शॉर्टकट मागेच राहणार.

मॅकवर फाइंडरमधून केलेला एलियस (मॅकचा शॉर्टकट) हलवलेली फाइल शोधू शकतो. टर्मिनलमधून केलेली सिम्बॉलिक लिंक फक्त पत्ता जाणते.

लिनक्सवर सापेक्ष पत्त्याची लिंक करताना तो पत्ता लिंक जिथे राहणार तिथून मोजला जातो, तुम्ही टर्मिनलमध्ये जिथे उभे आहात तिथून नाही. हिशेब जमत नसेल तर लिंक बनवणाऱ्या 'एलएन' कमांडला 'एस'सोबत 'आर' हा पर्यायही द्या, तो मोजून देतो.