दीड महिन्याच्या लसीनंतर लेकरू कसं सांभाळायचं

दीड महिन्याच्या लसीची पहिली रात्र लई जड जाते. अंग तापलंय, लेकरू किरकिर करायलंय आणि घरात जो तो वेगळाच उपाय सांगतोय. त्या रात्रीला भिऊनच मग कुणी कुणी अडीच महिन्याचा डोस टाळतात, म्हणून ती रात्र कशी काढायची ते सांगते.

आधी तयारी. लसीकरणाचं कार्ड घ्या, लेकराला सैल सुती झबलं घाला, उन्हाळा असला तर सकाळी सकाळीच उपकेंद्रात जा. साधी सर्दी असली तरी लस देतात, पण जास्त ताप असला किंवा आधीच्या लसीनंतर काही त्रास झाला असला तर सिस्टरना आधीच सांगा.

तिथं तीन सुया असतात. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियाची लस), उजव्या दंडावर पोलिओची बारकी सुई, आणि तोंडातून पोलिओ अन् रोटाचा (जुलाबाच्या लसीचा) डोस. एका पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) असं पाच रोगांचं संरक्षण आहे. टोचताना अंगावर पाजत राहिलं तर लेकरू कमी रडतं. नंतर अर्धा तास तिथंच बसा, बस चुकली तरी चालंल.

आता घरी. सुईच्या जागी सूज येते, गाठ लागते, तिथं थंड पाण्याची ओली घडी ठेवा. हळद, तेल, बाम काही नको, शेक नको, चोळायचं तर अजिबात नाही. माझ्या लेकराची मांडी मायेपोटी कोमट तेलानं चोळली होती, ती आणखीच लाल झाली अन् ते रात्रभर पाय हलवू देईना. घडीघडी अंगावर पाजा. ऊन कितीही असलं तरी सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको, आईच्या दुधात पाणी असतंच. ताप आला की टकुचं, स्वेटर, गोधडी घालून गुंडाळू नका, त्यानं अंग आणखी तापतं.

तापाचं औषध हा सगळ्यात जपायचा भाग. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर ठरतं, म्हणून सिस्टरकडून किंवा डॉक्टरकडून कार्डावरच लिहून घ्या. ड्रॉप्स आणि सिरप एक नाहीत बरं का. ड्रॉप्सच्या 1 मिलीत बहुतेक 100 मिलिग्रॅम औषध असतं, 125 च्या सिरपमध्ये ते 125 मिलिग्रॅम 5 मिलीत असतं, 1 मिलीत फक्त 25, म्हणजे सिरपच्या मापानं ड्रॉप्स पाजले तर चौपट औषध पोटात जातं. बाटली वाचूनच द्या, शेजारणीची उरलेली बाटली नको, आणि दोन डोसांत कमीत कमी सहा तास जाऊ द्या.

ताप बहुतेक एक-दोन दिवसांत उतरतो. पण लेकरू सलग तीन तास रडायलंय, दूध धरत नाही, ढिलं पडलंय, ताप 102 च्या वर गेलाय किंवा दोन दिवसांनीही हटत नाही, तर दवाखाना गाठा. झटका आला, श्वासाला त्रास झाला, तोंड सुजलं तर थेट 108 लावा.

याच दिवसांत जन्माच्या वेळच्या बीसीजीची (टीबीच्या लसीची) डाव्या दंडावरची पुळी फुटून पाणी येतं. ती दाबू नका, पावडर लावू नका, आपोआप भरते आणि वण राहतो.

आणि बीड, धारूरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या माउल्यांनो, कार्ड पेटीत ठेवून जाऊ नका, सोबत न्या. कारखान्याच्या गावातही सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, आणि एखादा डोस राहिला तरी पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिला तिथून पुढं देतात.