कोच बदलला की वजनकाटा कपाटात

नवे सर मैदानावर येतात, संघ रांगेत उभा राहतो आणि कुणाकडे तरी बघून पहिलंच वाक्य येतं: "अगं, दोन किलो उतरव, मग बघ पाच हजार मीटर कसे पळतेस ते." बोलणारा वॉर्म-अप संपेपर्यंत ते विसरलेला असतो. ऐकणारी त्याच रात्री एक पोळी कमी करते. पुढच्या आठवड्यात भातही जातो. चार-सहा आठवडे वेळ खरंच सुधारते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की सरांचं बरोबर होतं. नडगी दुखायला लागते ती त्यानंतर.

कॉलेजात कोच बदलणं नेहमीचंच. कंत्राट संपतं, बदली होते, विभागाचं बजेट हलतं. बडोद्यात तर जुलैत कॉलेज रुळावर येतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात नवरात्र आणि लगेच थंडीतल्या इंटर-युनिव्हर्सिटीची तयारी. नव्या कोचला ओळख करून घ्यायला वेळच मिळत नाही, म्हणून तो डोळ्यांना दिसेल त्यावरून, म्हणजे अंगावरून, अंदाज बांधतो. खालची पद्धत क्रीडाशिक्षक, नवे कोच, कॅप्टन आणि घरची माणसं या चौघांसाठी आहे. पहिले सहा आठवडे ती नेटाने पाळा.

सुरुवात जुन्या कोचकडून. जाण्याआधी त्यांच्याकडून प्रत्येक धावपटूमागे एकच पान लिहून घ्या: गेल्या आठ आठवड्यांचे किलोमीटर, सगळ्यात लांब रन, इंटरव्हलचं एकूण अंतर (उदाहरणार्थ ६ × १,००० मीटर, मध्ये दोन मिनिटं विश्रांती), इझी रनचा पेस (दर किलोमीटरला लागणारा वेळ), आणि कुठे, कधी, किती दिवस दुखलं. या पानावर वजन, फॅटची टक्केवारी आणि पाळीच्या तारखा लिहायच्या नाहीत. पाळीची नोंद मुलीची स्वतःची असते. ती डॉक्टरांना सांगेल, किंवा तिचा विश्वास असलेल्या मॅडमना. कोचपर्यंत फक्त निष्कर्ष जावा: "पूर्ण सराव", "अर्धा सराव" किंवा "या आठवड्यात धावणं नाही". कारण विचारायचं नाही. कॅप्टनला ही माहिती गोळा करायला लावू नका. तीही याच संघात धावते, तिच्यावर हे ओझं नको.

पहिले तीन आठवडे किलोमीटर वाढवायचे नाहीत. गेल्या चार आठवड्यांची सरासरी आठवड्याला ६० असेल तर ५५ ते ६० मध्येच ठेवा. नव्या सरांना आपली छाप पाडायची असते आणि पोरांना सरांवर, त्यामुळे ६० चे ८० कधी झाले ते कळतच नाही. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत जुळवून घेतात, हाडाला मात्र महिने लागतात. भार वाढला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. मधल्या काळात ते आधीपेक्षा कच्चं असतं. खाणं कमी असेल तर भरणी नीट होतच नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, अंतर नाहीतर वेग. आणि अंतर किंवा वेग वाढवण्याच्या आठवड्यात डाएटचा विषय कुणीही काढायचा नाही.

आता वजनकाटा. सोमवारी सकाळी वजन घेणाऱ्याला वाटतं की तो चरबी मोजतोय. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा पाणी मोजतो. स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. रविवारी लाँग रन झाला तर सोमवारी वजन कमी भरतं, आणि सोमवारी पोटभर भात खाल्ला की मंगळवारी जास्त. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं. हातापायांना पत्रे लावून फॅट सांगणाऱ्या जिममधल्या मशीनचा आकडा तर पाणी प्यायल्याने आणि घाम गेल्यानेही हलतो. चिमट्याने कातडी मोजणारा माणूस बदलला तरी आकडा बदलतो. एवढ्या डळमळीत आकड्यावर एकोणीस वर्षांच्या मुलीची टीममधली जागा ठरवणं आम्हाला तरी पटत नाही.

काट्याचा एक उपयोग खरा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत लाँग रनच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, धावपटूने एकटीने वजन बघायचं. जितके किलो घटले, साधारण तितके लिटर पाणी गेलं. एक किलो घट असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पोटात जावं, सोबत मीठ-लिंबू किंवा ताक. आकडा कुणाला सांगायचा नाही. फळ्यावर नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच.

अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, जागतिक स्पर्धेत १,५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली. त्यानंतर ती मोठ्या व्यावसायिक संघात गेली. सगळ्यांसमोर वजन घेतलं जायचं, तीन वर्षं पाळी बंद होती, पाच हाडं मोडली, असं तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. २०२१ मध्ये ऑरेगॉन विद्यापीठाच्या काही धावपटूंनी अशीच तक्रार केली, फक्त तिथे साध्या काट्याऐवजी महागडं डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी चरबी आणि हाडं मोजणारी तपासणी) होतं. यंत्र चांगलं असलं तरी आकड्याची भीती तीच राहते.

कमी खाण्याचा हिशेब एकदाच समजून घ्या, रोज करत बसू नका. ५० किलोची मुलगी, त्यात अंदाजे १० किलो चरबी, उरले ४० किलो. धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते, म्हणजे १२ किलोमीटरला ६००. धावण्याचा खर्च वजा करून त्या ४० किलोंना दर किलोमागे ४५ कॅलरी मिळाल्या, तर शरीराची सगळी खाती चालू राहतात: ४० × ४५ = १,८००, अधिक ६००, म्हणजे २,४००. हाच आकडा दर किलोमागे ३० च्या खाली गेला, तर शरीर काटकसर सुरू करतं. ही मुलगी १,७०० खात असेल तर १,७०० वजा ६०० भागिले ४०, म्हणजे २७.५. ताटाकडे बघून कुणालाही ते "बरंच जेवते की" असं वाटेल. काटकसरीत आधी पाळी जाते, मग हाडांची भरणी, झोप, मनाचा ताजेपणा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं आहे आणि त्यात मुलगेही धरले आहेत.

२,४०० कॅलरी म्हणजे नेमकं काय, तर असं. सकाळी साडेपाचला निघताना एक केळं आणि चार खजूर. धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मोठा पेला दूध, दोन थेपले आणि वाटीभर दही. दुपारी तूप लावलेल्या चार पोळ्या, भाजी, मोठी वाटी वरण, दीड वाटी भात, दही. पाच वाजता मूठ-दीड मूठ शेंगदाणे आणि गूळ. रात्री ताटभर मुगाची खिचडी, दोन चमचे तूप, कढी. हे सगळं स्वयंपाकघरात आहेच, यासाठी पावडरीचा डबा लागत नाही.

बिघडतं ते वेळेमुळे. सराव साडेसातला संपतो, आठचं लेक्चर असतं, दूध-थेपला घरी राहतो आणि पहिला घास साडेबाराला. उपाय अगदी साधा: डबा रात्रीच भरून सॅकमध्ये ठेवायचा, आणि कूल-डाउन डबा उघडल्याशिवाय संपला असं धरायचं नाही. नव्या सरांनी स्वतःचा डबाही तिथेच उघडावा. सर खाताना दिसले की अर्धं काम होतं. दुसरी चूक खाखऱ्याची. आपल्याकडे वजनाची भीती बसली की मुली पोळी सोडून खाखऱ्यावर येतात. खाखरा प्रवासाला उत्तम, पण दोन खाखरे म्हणजे जेवण नव्हे. तिसरी, जेवणाबरोबर चहा. चहामुळे डाळी-भाज्यांतलं लोह कमी शोषलं जातं. चहा तासभर पुढे ढकला आणि वरणावर लिंबू पिळा.

नवरात्राचं वेगळं बोलायला हवं. नऊ दिवस उपास, रात्री अनवाणी गरबा, साडेबाराला घरी, पहाटे पाचला गजर. साबुदाणा, बटाटा, राजगिरा, शेंगदाणे, दूध यांवर उपास असेल तर ऊर्जा पुरू शकते, प्रमाण मात्र नेहमीच्या जेवणाएवढं हवं. एकभुक्त किंवा फक्त फळांवर असेल तर त्या नऊ दिवसांत इंटरव्हल आणि लाँग रन बंद, ३० ते ४० मिनिटांचे इझी रन पुरेत. दोन-तीन तासांचा गरबा हा सरावच असतो. हजारभर उड्या आणि गिरक्या, त्याही खड्यांच्या मैदानावर अनवाणी, म्हणजे पायाच्या पंजाच्या हाडांवर थेट भार. तो डायरीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी द्या. "गरबा की रेस" असं विचारणारे कोच बडोद्यात फार टिकत नाहीत.

थांबायचं कधी? पाळी दोन महिन्यांत आली नाही तर चौकशी सुरू करावी, आणि सलग तीन महिने आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायलाच हवं. "पळणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे वाक्य मैदानावर अजून ऐकू येतं, ते चूक आहे. हार्मोनच्या गोळ्या घेऊन येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी परत आली असं नाही. हाड गोळीने भरत नाही, त्याला खाणं आणि विश्रांती लागते. मुलग्यांमध्ये खूण लपलेली असते: सकाळी उठायची इच्छा नसणं, सर्दी-खोकला पुन्हापुन्हा, चिडचिड, लैंगिक इच्छा मंदावणं, एकाच वर्षात दुसरी हाडाची दुखापत.

दुखणं बोटभर जागेत दाखवता येत असेल, दाबल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल आणि चालतानाही जाणवत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नका, एमआरआयबद्दल विचारा. जांघेत खोलवर दुखत असेल तर "उडी मारून दाखव" असं चुकूनही म्हणू नका. ती खुब्याच्या हाडाच्या मानेला गेलेली चीर असू शकते. त्या पायावर भार न देता थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे. रक्तात हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं), व्हिटॅमिन डी आणि बी-१२ बघून घ्या. शाकाहारी धावपटूचं हिमोग्लोबिन १२ असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो.

बोलण्याचं थोडं. "सर, माझं वजन किती असावं?" हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा: "ते मी बघत नाही गं. मला सांग, काल रात्री झोप किती झाली, आणि शेवटचा हजार पहिल्यासारखा गेला का?" बारीक झालेल्या मुलीचं कौतुकही करू नका. ते कौतुक शेजारची ऐकते आणि तीही हिशेब मांडते. घरी उलटा सूर असतो. आजी म्हणते "किती हडकलीस बाई," मामी लग्नात दंड चाचपते. तिथे आईने विषय बदलावा. दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या तालमींची या शहराला जुनी ओळख आहे. तालमीत अंग कमवायचं असतं, वस्ताद खुराक विचारतात. ट्रॅकवरही कोचने खुराकच विचारावा.

किटची मापं कागदावर घ्या, रांगेत मोठ्याने नको, आणि प्रत्येक मापाचा एक जोड जास्त मागवा. स्पर्धेच्या नियमांना कपडे स्वच्छ आणि ओले झाले तरी पारदर्शक न होणारे हवेत. तोकडी शॉर्ट्स की गुडघ्यापर्यंतची टाइट्स, हे जिचं तिने ठरवावं. अंगावरून लैंगिक शेरे होत असतील तर तो डाएटचा विषय राहत नाही. तारीख आणि वाक्य लिहून कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे द्या, २०१३ च्या कायद्यानुसार ती असावीच लागते. खाणं आणि आरसा यांपलीकडे डोक्यात काही सुचेनासं झालं तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करता येतो.

एक धोका कुणी लक्षात घेत नाही. वजन उतरवायच्या पुड्या आणि "पाणी काढणाऱ्या" गोळ्या. लघवी वाढवणारी औषधं उत्तेजकविरोधी यादीत बाराही महिने बंद आहेत. भारतात २०११ मध्ये बंदी घातलेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध अजून भेसळीत सापडतं, आणि स्पर्धेच्या दिवशी नमुन्यात आलं तर खेळाडूच अडकतो. जाणूनबुजून घेतलं नव्हतं म्हणून सुटका होत नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी जुन्या पानावरचाच इंटरव्हल पुन्हा लावा: तेच ६ × १,०००, तीच विश्रांती, शक्यतो तेच मैदान आणि तीच वेळ. शेजारी तीन गोष्टी लिहा: दुखण्यामुळे चुकलेले दिवस, सरासरी झोप, आणि शेवटच्या हजाराचा वेळ पहिल्यापेक्षा किती मागे पडला. पुढचं वेळापत्रक यावरून आखा. काटा तोवर कपाटातच असेल, किल्ली मॅडमकडे.