रग्बी सेव्हन्सचा कॅप्टन व्हायचंय? ठाणे-नवी मुंबईच्या नवख्यांसाठी

टीममधला सगळ्यात वेगवान किंवा सगळ्यात दणकट गडी कॅप्टन होतो, हा समज आधी सोडा. सेव्हन्समध्ये ७ मिनिटांचे २ हाफ आणि मध्ये जेमतेम २ मिनिटं विश्रांती असते. १०० बाय ७० मीटरच्या मैदानात एका बाजूला सातच जण. धाप लागलेली असताना ज्याच्या तोंडून तीन शब्दांत नेमकी सूचना निघते, त्याच्याकडे कप्तानी जाते. म्हणून सराव तसाच करा: ४० मीटरच्या सहा धावा मारायच्या आणि सहावी संपता संपता स्कोअर, उरलेला वेळ आणि पुढची चाल मोठ्याने सांगायची. पहिल्या आठवड्यात कुणालाच जमत नाही.

नियम तोंडपाठ हवेत, कारण रेफरीशी कॅप्टनच बोलतो. ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणं) ५ गुणांची, कन्व्हर्जन (ट्रायनंतर पोस्टच्या मधून मारायची जादा किक) २, पेनल्टी आणि ड्रॉप गोल ३. कन्व्हर्जनसुद्धा ड्रॉप किकनेच (बॉल हातातून टाकून, जमिनीवरून उसळताच मारायची), ३० सेकंदांच्या आत. यलो कार्ड म्हणजे २ मिनिटं बाहेर, म्हणजे सामन्याचा सातवा हिस्सा सहा जणांवर काढायचा. नवख्यांना सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट अशी, की ट्राय करणारी टीमच पुढचा किक-ऑफ मारते. पिछाडीवर असताना ट्राय केली, तरी बॉल समोरच्यांकडेच जाणार!

आता शेवटच्या मिनिटाचा हिशेब बघा. तुम्ही १२ गुणांनी मागे आहात आणि २५ सेकंद उरलेली असताना ट्राय झाली. अंतर ७. किकर नेहमीसारखा श्वास घेत, बॉल पुसत उभा राहिला तर घड्याळ तिथेच संपतं. वेळ शिल्लक असेपर्यंत किक झाली, तरच पुढचा किक-ऑफ मिळतो. म्हणून ट्राय टेकवणाऱ्याने बॉल थेट किकरच्या हातात द्यायचा, किकरने जागेवरून लगेच ड्रॉप मारायची, आणि बाकीच्यांनी तोवर मधल्या रेषेकडे पळत सुटायचं. हे ऐन वेळी सुचत नाही. आदल्या आठवड्यात निदान पाच-सहा वेळा करून घ्या. तसंच, वेळ हाताशी असेल तर ट्राय टेकवण्याआधी पोस्टच्या जवळ वळा: किक टेकवल्या जागेच्या सरळ रेषेतूनच मारावी लागते, आणि कोपऱ्यातली ड्रॉप किक भल्याभल्यांची चुकते.

टॉसला आपल्याकडे कुणी फारसं मनावर घेत नाही. खाडीजवळच्या मैदानांवर संध्याकाळी बहुतेक वेळा वारा पश्चिमेकडून असतो आणि ऊनही तिकडूनच डोळ्यांत येतं. मैदान पूर्व-पश्चिम आखलेलं असेल, तर पश्चिमेकडे पाठ करणाऱ्याला दोन्हींचा फायदा. टॉस जिंकून बाजू निवडली, की किक-ऑफ समोरच्यांना मारावा लागतो, तोही वाऱ्यात. बॉल १० मीटर गेला नाही, तर मध्यावर तुम्हाला फ्री किक. पण तुमची टीम दुसऱ्या हाफमध्ये दमत असेल, तर उलट करा: अवघड बाजू आधीच उरकून घ्या.

सरावाच्या जागेचं रडगाणं इथे कायमचंच. तासावर मिळणारं टर्फ पूर्ण मैदानाच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे पासिंग आणि २ विरुद्ध १ तिथे करा. टॅकल (बॉलवाल्याला धरून पाडणं) मुरमावर शिकवू नका, गुडघे-कोपरं सोलतात आणि पोरं पुढच्या वेळी अर्धवट मनाने शिरतात, तेच धोक्याचं. पावसाळ्यातलं ओलं गवत त्यासाठी उत्तम. डोकं समोरच्याच्या पार्श्वभागाच्या बाजूला, पुढ्यात कधीच नाही. डोक्याला मार लागून गडी भांबावला असेल, तर ‘मी ठीक आहे’ असं तो कितीही म्हणाला तरी बाहेर काढा. इथे कॅप्टनने भिडस्तपणा दाखवायचा नाही.

एका दिवसात तीन सामनेही असू शकतात. आपल्या दमट हवेत आधी आणि नंतर वजन करा. कमी झालेल्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी मीठ-साखरेसह, हळूहळू. सामन्याला बारा जणांचाच संघ आणि पाचच बदली. पहिल्या सोप्या सामन्यात मुख्य सातही जणांना पूर्ण पळवणारा कॅप्टन संध्याकाळी पाय ओढत असतो.

पैशांचं स्पष्टच सांगितलेलं बरं: निव्वळ कप्तानीवर घर चालत नाही. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, पण तिथे जागा मोजक्याच. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालतं, ते शासन निर्णयात आधी वाचा आणि पडताळणी वेळेत करून घ्या. मूळ प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करू नका. स्पर्धेचं नाव, तारीख आणि तुमचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच आहे ना, हे तिथल्या तिथे तपासा. ‘राजू’ म्हणून छापलेलं नाव पुढे बदलून घेताना चपला झिजतात.