बरगड्यांमधल्या छोट्या छेदांसाठी: हृदय-फुप्फुसांचे नवे उपकरण पुण्यातील सर्जनने कसे घडवावे

हृदय व वक्ष शस्त्रक्रियेत काही वर्षे स्वतंत्रपणे काम केलेल्या प्रत्येक सर्जनच्या मनात हातातल्या एखाद्या उपकरणाविषयी तक्रार असतेच, आणि बहुतेक वेळा ती केस संपल्यावरच्या चहाबरोबर संपते. ज्यांना ती तशी संपू द्यायची नाही आणि छाती मधोमध न उघडता, बरगड्यांमधील लहान छेदांतून काम करणारे उपकरण प्रत्यक्षात आणायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणे जगभरची असली तरी वाट पुण्यातली धरली आहे, कारण व्यस्त ऑपरेशन थिएटर, पॉलिमर जाणणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि पाच-दहा नगांचे जॉब-वर्क करून देणारे शॉप या तीनही गोष्टी एकाच शहरात क्वचितच मिळतात.

सुरुवात कल्पनेपासून करू नये, अडचणीपासून करावी. अमेरिकी सर्जन थॉमस फोगार्टी यांचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. सिनसिनाटीच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी मदतनीस म्हणून काम करताना त्यांनी पाहिले की पायाच्या धमनीत अडकलेली गुठळी काढण्यासाठी रक्तवाहिनी लांबवर उघडावी लागते आणि त्या मोठ्या शस्त्रक्रियेत कित्येक रुग्ण पाय किंवा प्राण गमावतात. त्यांनी मांडलेली अडचण एका ओळीत मावणारी होती: गुठळीच्या पलीकडे पोहोचायचे, पण वाहिनी एकाच लहान छेदातून उघडायची. मूत्रमार्गाच्या बारीक कॅथेटरला शस्त्रक्रियेच्या हातमोज्याच्या बोटाचे टोक बांधून त्यांनी फुगा तयार केला; तो मिटलेला गुठळीपलीकडे न्यायचा, तेथे फुगवायचा आणि गुठळीसकट मागे ओढायचा. त्या काळचा गोंद दोन्ही पदार्थांना एकत्र धरत नव्हता, म्हणून मासेमारीच्या गळाला माशी बांधताना मारतात तशा गाठींनी तो बांधला. १९६३ मध्ये या पद्धतीचा शोधनिबंध आला आणि १९६९ मध्ये पेटंट मिळाले. यात शिकण्यासारखी गोष्ट गाठ नव्हे. गाठीपर्यंत पोहोचण्याआधी त्यांनी त्या शस्त्रक्रियेचे अपयश पुन्हा पुन्हा जवळून पाहिले होते, हे महत्त्वाचे आहे.

म्हणून पहिले काम नोंदवहीचे. प्रत्येक थोरॅकोस्कोपिक (लहान छेदातून छातीत कॅमेरा, म्हणजे स्कोप, घालून केलेल्या) केसनंतर, त्याच दिवशी, कोणत्या पायरीला हात थांबला, कोणते उपकरण बाहेर काढून पुन्हा आत घालावे लागले, स्कोपची काच किती वेळा पुसावी लागली आणि भूलतज्ज्ञाने फुप्फुस फुगवण्याची सूचना कधी दिली, हे लिहावे. शक्य असल्यास स्क्रब सिस्टरांनाही स्वतंत्र नोंद ठेवायला सांगावे. आपल्याला जी अडचण सवयीमुळे दिसेनाशी झालेली असते ती त्यांना दिसते. छातीची भौतिक मर्यादा येथे सतत डोळ्यांसमोर हवी. पोटात वायू भरून जागा करता येते, छातीत बहुधा एका फुप्फुसाचा श्वास थांबवून जागा मिळवली जाते. दोन बरगड्यांमधली फट जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची, तिच्या वरच्या बरगडीच्या खालच्या कडेने मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात, आणि पोर्टवर (छेदात बसवलेल्या नळीवर) जोर देऊन उपकरण तिरके केले की तोच मज्जातंतू चिरडून रुग्णाला महिनोन्महिने वेदना होऊ शकतात. त्यामुळे ५ मिलिमीटर जाडीच्या पोर्टमधून जाणारे आणि आत गेल्यावर वळणारे टोक हा पुष्कळदा खऱ्या गरजेचा विषय असतो. केवळ अधिक चकचकीत मूठ हा तसा विषय नसतो.

अडचण मांडताना चार गोष्टी एका वाक्यात याव्यात: कोणता रुग्ण, कोणती पायरी, काय बिघडते, आणि त्याचा मोजता येणारा परिणाम काय. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या, अनियमित ठोक्यांच्या) शस्त्रक्रियेचा इतिहास हे वाक्य कसे बदलत जाते ते दाखवतो. अमेरिकी सर्जन जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये सेंट लुईस येथे ‘मेझ’ (चक्रव्यूह) नावाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा प्रश्न होता अनियमित विद्युत लहरींना अडवणारे छेद अलिंदात कसे घ्यायचे. त्यासाठी छाती उघडून हृदय-फुप्फुस यंत्राचा आधार घ्यावा लागे. १९९८ मध्ये बोर्दो येथील मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की लहरींची सुरुवात पुष्कळदा फुप्फुस-शिरांच्या तोंडाशी होते. त्यानंतर प्रश्न लहान झाला: धडधडत्या हृदयावर, बाहेरून, फक्त शिरांची मुळे विद्युतदृष्ट्या वेगळी करता येतील काय? रँडल वुल्फ यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दोन्ही बाजूंच्या बरगड्यांमधील लहान छेदांतून, व्हिडिओच्या साहाय्याने, दोन जबड्यांचा रेडिओ-फ्रिक्वेन्सी क्लॅम्प शिरांच्या मुळाशी लावला जातो आणि त्याच वेळी डाव्या अलिंदाची अपेंडेज नावाची छोटी पिशवी बंद केली जाते, कारण झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत हृदयातील बहुसंख्य गुठळ्या तेथेच तयार होतात. दोन जबड्यांच्या क्लॅम्पचा फायदा असा की ऊर्जा फक्त मधल्या ऊतीतून जाते, आणि ऊतीची विद्युतवाहकता घसरली की भाजणे पूर्ण जाडीपर्यंत पोहोचल्याचा अंदाज यंत्राला येतो. तीन पिढ्यांत शरीरशास्त्र तेच राहिले, प्रश्नाची मांडणी मात्र बदलली आणि उपकरण त्या मांडणीतून आले.

पहिला नमुना ओबडधोबड असावा आणि लवकर व्हावा. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत स्विच, सेन्सर आणि लहान मोटर मिळतात, बोहरी आळीत नळ्या, स्प्रिंगा आणि स्क्रू मिळतात. त्रिमितीय छपाईने मूठ करून घेता येते. खाटिकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या हृदय-फुप्फुसांवर पकड, फाटणे आणि गळती तपासता येते, मात्र माणसाच्या छातीच्या मापांसाठी शरीररचनाशास्त्र विभागातील दान केलेल्या देहावर, योग्य परवानगीने, सराव करावा लागतो. बकऱ्याच्या फुप्फुसावर नमुना चालला म्हणून आनंदून जाण्याचे कारण नाही; थंड, रक्तहीन अवयव कोणत्याही उपकरणाला माफ करतो.

खरा नमुना करण्यासाठी भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत जावे. तेथील कारागीर मोटारींचे सुटे भाग मायक्रॉनमध्ये मोजत आलेले आहेत, आणि वायर-कट (विजेच्या तारेने धातू कापणे), लेझर वेल्डिंग व व्हीएमसीची (संगणकचालित मिलिंग यंत्राची) कामे ते सहज करतात. पण त्यांना ‘जरा नाजूक हवे’ असे सांगून भागत नाही. प्रत्येक भागाचे चित्र, मापातील सूट, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि पदार्थाची प्रत लेखी द्यावी. स्टेनलेस स्टील ३१६एल, जोर पडणाऱ्या भागासाठी १७-४ पीएच, वाकून परत मूळ आकारात येण्यासाठी निटिनॉल (निकेल-टायटॅनियम मिश्रधातू), विद्युतरोधासाठी पीक (PEEK, एक कणखर प्लास्टिक): एवढ्यावर बरीचशी हातातली उपकरणे बनतात. वेगवेगळे भाग वेगवेगळ्या शॉपना देऊन जुळणी आपल्या देखरेखीखाली करणे गुप्ततेच्या दृष्टीनेही बरे असते. येथेच एक अप्रिय प्रश्न स्वतःला विचारावा: हे उपकरण एकदा वापरून फेकण्याचे म्हणून विकले, तरी आपल्याकडील रुग्णालये ते पुन्हा निर्जंतुक करून वापरतील काय? वापरण्याची शक्यता दिसत असेल तर बारीक पोकळ्या टाळाव्यात, सांधा उघडून धुता येईल असा करावा आणि १३४ अंश सेल्सिअसच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) किती फेरे टिकतो ते मोजावे. असे न करता केवळ डब्यावर इशारा छापणे मला पळवाट वाटते.

पेटंटविषयी थोडक्यात पण ठामपणे: शोध आधी दाखल करावा, परिषदेत नंतर सांगावा. शस्त्रक्रियेची पद्धत भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(आय) नुसार पेटंटयोग्य नाही, उपकरण मात्र आहे. म्हणून लिखाण हाताच्या हालचालीचे न करता उपकरणाच्या रचनेचे करावे. तात्पुरते विवरण दाखल केल्यापासून १२ महिन्यांत पूर्ण विवरण द्यावे लागते, आणि परदेशी अर्ज त्याच अवधीत करायचे असतात. भारतात राहणाऱ्याने परदेशात थेट अर्ज करण्यापूर्वी कलम ३९ अन्वये परवानगी घ्यावी, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे. त्याआधी रुग्णालयाशी झालेला नोकरीचा करार काढून वाचावा. शोधाची मालकी कोणाची हे त्यातील एखाद्या लहान परिच्छेदात लिहिलेले असू शकते. व्हॉट्सॲपच्या डॉक्टर-गटात टाकलेली चित्रफीतही प्रसिद्धी ठरू शकते.

यानंतर येतो सर्वांत लांब टप्पा, चाचण्यांचा. त्याबद्दल अधीरता वाटू लागली तर ‘चित्रा’ या भारतीय कृत्रिम हृदयझडपेचा इतिहास आठवावा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशल्यचिकित्सक एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या झडपेची पहिली तीन प्रारूपे अपयशी ठरली. चौथ्यात धातूच्या चौकटीत अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची तबकडी बसवली गेली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. यांत्रिक झडपेसाठी यंत्रावरची टिकाऊपणाची चाचणी ४० कोटी उघडझापांची असते, कारण हृदय वर्षाला सुमारे चार कोटी वेळा ठोके देते आणि त्यातून दहा वर्षांचा अंदाज मिळतो. अशा चाचणीत मोडलेले प्रारूप पाहून निराश होण्यापेक्षा, ते यंत्रावर मोडले आणि माणसात नाही, याचा हिशेब ठेवावा.

नियमांच्या बाबतीत वैद्यकीय उपकरणे नियम २०१७ हा मूळ आधार आहे. ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या व्याख्येत आली. उपकरणांचे ए, बी, सी आणि डी असे धोक्यानुसार चार वर्ग आहेत. बरगड्यांमध्ये लावायचा साधा रिट्रॅक्टर (छेद ताणून उघडा ठेवणारे साधन) खालच्या वर्गात राहू शकतो, पण हृदयाशी किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांशी थेट संपर्क येणारे उपकरण सहसा वरच्या वर्गात जाते आणि मग परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाऐवजी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून घ्यावा लागतो. चाचणीपुरते थोडे नग तयार करण्यासाठी एमडी-१२ अर्जावर एमडी-१३ परवाना मिळतो. आधी अस्तित्वात नसलेल्या प्रकारच्या उपकरणाच्या रुग्णांवरील तपासणीसाठी एमडी-२२ अर्ज आणि एमडी-२३ परवानगी. स्वतःचा कारखाना नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक जागेत उत्पादन करण्याची सोयही नियमांत आहे. तत्पूर्वी आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे, म्हणजे आयएसओ १४९७१ नुसार धोक्यांची यादी, आयएसओ १०९९३ नुसार पदार्थ शरीराला चालतात की नाही याच्या चाचण्या, विजेवर चालणाऱ्या उपकरणासाठी आयईसी ६०६०१ ची विद्युत-सुरक्षा, आणि गरज असल्यास नोंदणीकृत प्राणिगृहात डुकरावर किंवा मेंढीवर प्रयोग, हे क्रमाने पूर्ण करावे. धोक्यांची यादी करताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा: हे उपकरण रुग्णाच्या छातीत असताना अडकले, तुटले किंवा वीज गेली, तर पुढच्या दोन मिनिटांत मी काय करीन? क्लॅम्प बंद स्थितीत अडकल्यास तो सोडवण्याचा हाताने चालणारा मार्ग नसेल, तर ते उपकरण माणसावर नेऊ नये.

रुग्णांवर पहिला वापर करताना शोधक स्वतः सर्जन असणे हीच मोठी अडचण असते. आपल्याच मुलाची उत्तरपत्रिका तपासावी तशी ती परिस्थिती आहे. त्यामुळे रुग्णाची संमती दुसऱ्या डॉक्टरने घ्यावी, संमतिपत्रात शोधकाचा आर्थिक संबंध साध्या मराठीत लिहावा, निष्पत्तीचे मूल्यमापन स्वतंत्र व्यक्तीकडे द्यावे आणि पहिला रुग्ण सहभागी करण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत अभ्यासाची नोंद करावी. नैतिकता समितीचे आपणच सदस्य असू तर आपल्या अभ्यासावरील बैठकीतून बाहेर जावे. उघड्या शस्त्रक्रियेकडे वळण्याची अट आधीच लिहून ठेवावी, म्हणजे त्या क्षणी अहंकार निर्णय घेणार नाही.

पैशासाठी पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातले व्हेंचर सेंटर हे पहिले दार आहे. जैवतंत्रज्ञान उद्योग संशोधन साहाय्य परिषदेच्या ‘बिग’ योजनेतून १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते, आणि अर्जातील तांत्रिक भागाला येथे चांगले वाचक मिळतात. अभियांत्रिकीसाठी सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाशी संबंध जोडावा. विद्यार्थ्याला प्रकल्पाचे गुण हवे असतात आणि आपल्याला त्याचे तास हवे असतात. किमतीचा विचार मात्र सुरुवातीपासून करावा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कोरोनरी स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या, त्यामुळे केवळ जास्त दरावर उभा राहिलेला हिशेब एका अधिसूचनेने मोडू शकतो.

पुढे दोन वाटा फुटतात: पेटंट मोठ्या कंपनीला परवान्यावर द्यायचे की स्वतःची कंपनी काढायची. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, कारण दुसऱ्या वाटेवर सर्जनचे दिवस लेखापरीक्षण, आयएसओ १३४८५ ची (उत्पादनाच्या गुणवत्ता-व्यवस्थेच्या मानकाची) कागदपत्रे आणि वितरकांच्या उधारीत जातात, आणि थिएटरमधला वेळ कमी झाला की पुढची अडचण दिसण्याचे ठिकाणच हातून जाते. ज्यांना उद्योजक व्हायचेच आहे त्यांनी उत्पादन सांभाळणारा भागीदार आधी शोधावा आणि आठवड्यातले शस्त्रक्रियेचे ठरावीक दिवस करारातच राखून ठेवावेत. परवाना देताना कंपनीने ठरावीक मुदतीत उत्पादन बाजारात न आणल्यास हक्क परत मिळतील अशी अट घालावी. नाहीतर स्पर्धक उपकरण कपाटात ठेवण्यासाठीही पेटंट विकत घेतले जाते.

बाजारात गेल्यावर उपकरण पहिल्यांदा आपल्यापेक्षा लहान हाताच्या, डावखुऱ्या आणि कमी अनुभवी सर्जनच्या हाती द्यावे आणि स्वतः शेजारी गप्प उभे राहावे. प्रशिक्षणाची पुस्तिका त्यांच्या चुकांवरून लिहावी. अनपेक्षित घटना गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे कळवाव्यात. तो २०१५ पासून सुरू आहे. अशी घटना नेमक्या कोणत्या बॅचच्या उपकरणाची आहे हे सापडण्यासाठी बॅच क्रमांक डब्याबरोबरच मुठीवरही कोरलेला हवा, कारण सीएसएसडीत (रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात) पोहोचेपर्यंत डबा कचऱ्यात गेलेला असतो.