पांझरेकाठच्या फड पद्धतीवर संशोधन प्रकल्प कसा करावा

‘खानदेशातील सिंचन’ हा विषय एका प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्याऐवजी पांझरा नदीवरील एकच बंधारा निवडावा आणि त्याच्या फडांत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर मिळून एकच पीक घेतल्या जाणाऱ्या शेतांच्या गटांत, कोणते पीक घ्यायचे हे कोण व कसे ठरवते, एवढाच प्रश्न धरावा. तो एका वाक्यात लिहिता येईपर्यंत गावात जाण्याची घाई करू नये.

आधीचे लेखन वाचताना १८८० सालचे खानदेश गॅझेटियर पाहावेच. मात्र १९०६ मध्ये जिल्ह्याची विभागणी झाल्यामुळे धुळे परिसराची पुढची कागदपत्रे ‘पश्चिम खानदेश’ या नावाखाली शोधावी लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळही अवश्य गाठावे.

मुलाखती हा या कामाचा खरा गाभा आहे. पाटकऱ्याशी, म्हणजे पाटाचे पाणी शेतांना वाटून देणाऱ्या माणसाशी, शक्यतो अहिराणीत आणि पाटाच्या कडेलाच बोलावे, कारण पाणी कुठे अडवले आणि कुठून वळवले हे तो हाताने दाखवू लागला की प्रश्नावलीत नसलेल्या गोष्टी आपोआप पुढे येतात. ध्वनिमुद्रणापूर्वी परवानगी घ्यावी, त्याचे शब्द जसेच्या तसे टिपावेत आणि आपले मत वेगळ्या रकान्यात त्याच संध्याकाळी लिहावे. पाटाच्या शेवटी शेत असलेल्याचे म्हणणे इतरांहून निराळे निघाले, तर ते अपवाद म्हणून मुळीच वगळू नये. ते कागदपत्रांशी ताडून पाहावे आणि अहवालात दोन्ही बाजू पुराव्यासह मांडाव्यात.