1947 ते 1950 ची भारतीय नाणी कशी जमवावीत

आधी यादी आटोपशीर ठेवा. स्वातंत्र्य मिळालं तरी 15 ऑगस्ट 1950 ला नवी मालिका येईपर्यंत खिशात ब्रिटिश राजा सहावा जॉर्जच खुळखुळत होता. त्यामुळे एकीकडे 1947 चा भोकाचा पैसा आणि वाघाची पावली (पाव रुपया), अधेली (अर्धा रुपया), रुपया. दुसरीकडे 1950 ची सिंहमुद्रा: पैशावर घोडा, अर्धा आणा, आणा आणि चवलीवर (दोन आणे) बैल, पावलीपासून वर कणसं. भारताच्या चलनी नाण्यांवर 1948 किंवा 1949 साल नाहीच. 1948 दिसलं तर चंद्रकोर शोधा, नाणं पाकिस्तानचं असणार.

पैसे, आणे जुन्या बाजारात सहज मिळतात.

खरी गोम 1947 च्या रुपयात. मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली. राजाछाप रुपया म्हणजे चांदी, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि विकणारे तिच्यावरच जगतात. युद्धकाळात रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निव्वळ निकेलचा. चांदीचा भाव अजिबात देऊ नका. खिशात चुंबक ठेवा. निकेल चिकटतं, चांदी चिकटत नाही. म्हणजे ‘बघा साहेब, चिकटत नाही, अस्सल चांदी!’ असं कोणी म्हणालं की ते नाणं नकली, विषय संपला.

चिकटलं म्हणून लगेच पाकीटही काढू नका. मुलामा दिलेलं लोखंडही चिकटतं. छोट्या काट्यावर वजन करा: 11.66 ग्रॅम, व्यास 28 मिलिमीटर. झिजेमुळे किंचित कमी भरेल. अर्ध्या ग्रॅमची तफावत मात्र खपवून घेऊ नका. मग भिंग लावा. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ असतात. झिजलेल्या खऱ्या नाण्यातही तसं होतं, म्हणून अक्षरं सोडा, वाघाभोवतीची मोकळी जागा पाहा. खऱ्यात ती गुळगुळीत, नकलेत बारीक खड्डे.

‘1947 चं नाणं द्या, लाखो मिळवा’ छापाचे व्हिडिओ सरळ बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी कमिशन किंवा कर मागितला तर फोन ठेवा. असे व्यवहार आपण करत नाही, हे बँकेने 2021 मध्येच जाहीर केलंय.

घरी आणल्यावर चिंच, राख, पितांबरी काहीही लावायचं नाही. चकाकी येते आणि किंमत जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर धरतो. कागदी पाकीट पुरतं.